सोनाक्काच्या दोन सीड्या

“…मग या दोघांतलं कुठलं घेऊ, बुवा?”

केरूबुवा गवार मोडत बसले होते. शेंगेची दोन्ही टोकं खुडायची, शीर ओढायची, मधोमध मोडायची आणि परातीत टाकायची.

अभिरामला वाटलं, प्रश्न नीट पोचला नसावा. त्यानं मांडीवरचा लॅपटॉप जरा बुवांकडे वळवला.

“सीडी तयार करायचं हे पहिलं सॉफ्टवेअर. याच्यात मराठी नावं जशीच्या तशी उमटतात. बाकीच्यांत सीडीवर गेली की नावांची नुसती प्रश्नचिन्हं होतात. आणि हे दुसरं. सीडी राइट झाली की हे स्वतःच ती पुन्हा तपासतं आणि बरोबर आहे म्हणून सांगतं. पहिलं दिसायला सुबक. दुसरं साधं, पण भरवशाचं. मी सगळं करून बघितलंय. आता तुम्ही बोट ठेवाल ते घेतो.”



“बुवा?”

“गवार कवळी मिळाली,” बुवा म्हणाले.

आता या अभिरामचं थोडं सांगायला हवं. नाहीतर वाचणारा म्हणेल, गवार मोडणाऱ्या म्हाताऱ्याला सॉफ्टवेअर विचारणारा हा कोण शहाणा.

पुण्यात एका कंपनीत तो कॉम्प्युटरचंच काम करायचा. माणूस हुशार, आणि आपण हुशार आहोत हे घटकाभरही न विसरणारा. उंबरवाडीच्या या नदीकाठच्या मठात तो पहिल्यांदा आला तो आईला घेऊन. पुढं आईचे गुडघे गेले, तिचं येणं थांबलं, तरी हा येत राहिला. बुवांचा अनुग्रहही घेतला. गळा मात्र देवानं त्याला दिला नव्हता. तो भजनाला बसला की शेजारचा टाळकरी हळूच पलीकडे सरकायचा. म्हणून त्यानं आपली सेवा आपणच ठरवून टाकली. सोनाक्काची पदं रेकॉर्ड करायची.

सोनाक्का ही बुवांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला तशी ती मठात आली आणि मठाचीच होऊन राहिली. बुवांना पदं शिकवली तीही तिनंच. गादीवर भाऊ बसला होता खरा, पण पदांच्या बाबतीत मठात शब्द चालायचा तो आक्काचा. आवाज भरायला म्हणून कितीतरी लोक येऊन गेले, तिनं सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं. अभिरामला मात्र ती हो म्हणाली. का, ते तिचं तिला ठाऊक.

एवढंच म्हणाली, “हरवू नगंस म्हंजे झालं.”

मग अभिराम येत-जात राहिला आणि तिचा आवाज साठवत राहिला. रेकॉर्डर होता लहान. तो भरला की लॅपटॉपवर उतरवायचा, आणि पुसून पुन्हा रिकामा करायचा. असं करता करता सगळी पदं त्या एका लॅपटॉपमध्ये गोळा झाली. भाद्रपदात आक्का गेली.

तिच्याबरोबर पदं गेली असं नव्हे. पदं बुवांना येत होती, गावातल्या तिघीचौघींनाही येत होती. पण आक्काचा आवाज आता त्या लॅपटॉपखेरीज जगात कुठंच नव्हता.

आणि दिवाळीनंतर तो लॅपटॉप टकटक करायला लागला.

दुरुस्तीवाल्यानं त्याला कान लावला. “साहेब, आतली डिस्क जायला आलीय,” तो म्हणाला. “आज जाईल, नाहीतर महिन्यानं जाईल. काय मोलाचं असेल ते आधी काढून घ्या.”

दुसरा कुणी असता तर त्याच संध्याकाळी सगळं सीडीवर उतरवून मोकळा झाला असता. अभिराम आधी सॉफ्टवेअर बघायला लागला. एकुलत्या एका लेकीला स्थळ बघावं तसं त्याचं चाललं होतं. एक फार जड. दुसऱ्याचं रूप जुनाट. तिसरं बरं होतं, पण पंधरा दिवसांनी परवाना मागायचं. चौथ्याविषयी इंटरनेटवर कुणीतरी वाईट लिहिलं होतं. त्या लिहिण्यावर दुसऱ्या कुणी काय लिहिलंय तेही यानं वाचलं. संक्रांत होऊन गेली तरी घोंगडं भिजतच पडलेलं.

शेवटी दोन उरली. दोन्हींनी एकेक सीडी राइट केली. दोन्ही सीड्या लावून ऐकल्या. दोन्ही छान चालल्या. मग तर पंचाईतच झाली.

म्हणून तो बुवांचा कौल घ्यायला आला होता. निदान स्वतःला तरी तो असंच सांगत होता. खरं विचाराल, तर इतक्या बारकाईनं आक्काची पदं दुसऱ्या कुणी जपली नसती, हे एकदा कुणाच्या तरी तोंडून त्याला ऐकायचं होतं. त्यात वाईट काही नाही. पाठीवर हात कुणाला नको असतो?

बुवांनी परात बाजूला सारली. धोतराला हात पुसले.

“दाव बघू.”

अभिरामनं दोन्ही सीड्या पुढं ठेवल्या. एकीवर मठाचं रंगीत चित्र छापलेलं. दुसरीवर निळ्या पेनानं आक्काचं नाव लिहिलेलं.

बुवांनी चित्राची सीडी उचलली. उलटी केली. तिच्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला.

“हिच्यात आक्का हाय?”

“आहेत.”

“समदी पदं?”

“सगळी. एकही राहिलेलं नाही.”

“आन् हिच्यात?”

“तिच्यातही.”

“ऐकलीस?”

“दोन्ही ऐकल्या.”

“म्हंजे आलं म्हन की.”

“हो बुवा. आलं.”

बुवांनी मान हलवली. बराच वेळ दोन्ही सीड्या तळहातांवर तोलत बसले.

“मंग मशिनीतलं पूस.”

…

अभिराम हसला. बुवा हसले नाहीत.

“पुसू?”

“पूस.”

“सगळं?”

“सीडीत आलं म्हनालास न्हवं?”

या मठात पद देण्याची एक रीत होती, आणि अभिरामला ती चांगली ठाऊक होती. शिकणारा “आलं मला” म्हणाला, की शिकवणारा ते पद सोडून द्यायचा. पुढच्या पौर्णिमेच्या भजनात ते शिष्यानं एकट्यानं म्हणायचं. शिकवणारा समोरच बसलेला असायचा, पण तोंडाला उपरणं लावून. मधे अडलं तर कुणी ओळ सुचवायची नाही. मग सगळं भजन तिथंच थांबायचं. पखवाजवाला हात मांडीवर ठेवून बसून राहायचा, बायका आरतीचं तबक धरून खोळंबायच्या. खुद्द केरूबुवा तरुणपणी असे अडले होते, आणि आक्का पदर तोंडाशी धरून त्यांच्याकडे नुसती बघत राहिली होती. तेव्हापासून उंबरवाडीत “आलं” म्हणायची घाई कुणी करत नसे.

अभिराम नेमकी तीच करून बसला होता.

“बुवा, असं करत नाहीत,” तो समजावणीच्या सुरात म्हणाला. “मूळ प्रत ठेवायची असते. सीडी असते जोडीला.”

“जोडीला कशापायी?”

“मूळ गेलं तर असावं म्हणून.”

“मंग गेलं आसं समज.”

“पण अजून गेलेलं नाहीये ना.”

“जानार हाय म्हनूनच आलास ना तू?”



लॅपटॉपनं टकटक केलं. दोघांनीही त्याच्याकडे बघितलं.

“आणि समजा, सीडीतच काही खोट असली तर?” अभिरामचा आवाज खाली आला. “आक्का जातील, बुवा. कायमच्या.”

बुवांनी हातातल्या सीड्या खाली ठेवल्या.

“भन माझी हाय,” ते म्हणाले. “मला भ्या वाटत न्हाई. तुला का वाटतंय?”

अभिरामला राग आला. चांगलाच आला. आयुष्यात कधी कॉम्प्युटरला हात न लावलेला हा म्हातारा, आणि पुसायचं काय ते हा सांगणार. मग रागाची लाज वाटली. अनुग्रह घेताना, गुरूची आज्ञा मोडणार नाही, असं त्यानं हातावरून पाणी सोडून म्हटलं होतं. म्हणताना वाटलं होतं, आज्ञा होऊन होऊन काय होईल, पहाटे ऊठ नाहीतर वांगं सोड.

तेव्हा हुशार माणसं जे करतात ते त्यानं केलं. पळवाट काढली.

कॉम्प्युटरवर पुसलेलं काही लगेच नाहीसं होत नाही. ते आधी कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडतं, आणि डबा रिकामा करेपर्यंत तिथून परत काढता येतं. बुवांना हे कुठून ठाऊक असणार? अभिरामनं आक्काच्या पदांचं फोल्डर निवडलं, पुसायचं बटण दाबलं, आणि डबा तसाच भरलेला राहू दिला. आज्ञा पाळली म्हटलं तर पाळली, नाही म्हटलं तर नाही. नरो वा कुंजरो वा.

“पुसलं,” तो म्हणाला. बुवांकडे बघायचं मात्र त्याला धाडस झालं नाही.

“आता लाव सीडी.”

चित्राची सीडी आत गेली. पडद्यावर नावं उमटली. काय देखणी नावं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. त्यातलं ‘दारी आला गं पाहुणा’ हे आक्काचं फार आवडतं पद. अभिरामनं त्याच्यावर टिचकी मारली.

आवाज आला नाही.

पडद्यावर उजेड पाडायची एक चिमुकली बॅटरी दिसू लागली. अंधारात पडलेली किल्ली शोधावी तशी ती इकडून तिकडे फिरायला लागली.

“ही काय करतीया?” बुवांनी वाकून विचारलं.

“शोधतेय.”

“कुनाला?”



बॅटरी फिरली, फिरली आणि नाहीशी झाली. मशीननं सांगितलं की हे पद सापडत नाही. त्यानं दुसरं पद लावलं. तेच. तिसरं. तेच. घाईघाईनं भरवशाच्या सॉफ्टवेअरची सीडी आत घातली. तिच्यातही नावं होती, आणि नावांच्या मागं काही नव्हतं.



मग त्याला दिसलं. प्रत्येक नावाशेजारच्या चित्राच्या कोपऱ्यात एक बारीकसा वाकडा बाण होता. हा बाण त्यानं हजारदा बघितला होता. ऑफिसात येणाऱ्या नवशिक्यांना तोच समजावून सांगायचा, की बाण असला म्हणजे ती वस्तू नव्हे, वस्तू कुठं ठेवलीय त्याचा नुसता पत्ता. आक्काची पदं एका ओळीत छान लावून घेताना त्यानं पदं उचललीच नव्हती. त्यांचे पत्ते उचलले होते, आणि तेच दोन्ही सॉफ्टवेअरांच्या हवाली केले होते. त्यांनी बिचाऱ्यांनी ते इमानेइतबारे सीडीवर उतरवले. तपासणाऱ्यानं तपासलंही. दिलं तेच उतरलंय, बरोबर आहे, म्हणाला. आणि सीडी चुटकीसरशी तयार झाली, तेव्हा अभिरामनं उलट सॉफ्टवेअरच्या वेगाचं कौतुक केलं होतं.

घरी त्या सीड्या याच लॅपटॉपमध्ये लावून त्यानं जी ऐकली, ती लॅपटॉपमधलीच आक्का. सीडीनं फक्त तिच्याकडे बोट दाखवलं होतं.

वाटेत एसटीच्या धक्क्यांनी हा लॅपटॉप बंद पडला असता, तर…

पुढचं त्याला मनातसुद्धा पुरं करवेना.

“बुवा,” तो म्हणाला. “सीड्यांत काही नाही. दोन्हींत नाही.”

“हं.”

“आणि मी… मी खरं पुसलं नव्हतं. परत काढता येईल अशा बेतानं पुसलं होतं. तुम्हाला खोटं सांगितलं.”

बुवा त्याच्याकडे बघत राहिले. बघता बघता त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट हलायला लागलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते आवाज न करता हसले.

“बरं झालं लेका,” ते डोळे पुसत म्हणाले, “तू वाईच लबाड निघालास.”

अभिरामला धड हसू येईना, धड रडू येईना. पण छातीवरचं काहीतरी उतरलं, हे खरं.

“सीडी रिकामी आहे हे तुम्हाला कळलं कसं?”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“मग पुसायला का सांगितलंत?”

बुवांनी परात पुन्हा पुढं ओढली. एक शेंग घेतली, टोक खुडलं.

“तू आलं म्हनालास.”

…

अभिरामनं डबा उघडला आणि पदं परत जागेवर आणली. सगळी आली. एकेक नाव त्यानं बोट ठेवून बघितलं, कोपऱ्यात बाण नाही ना याची खात्री केली. मग हाताला लागलं ते सॉफ्टवेअर उघडलं. सुबक की भरवशाचं, हे बघायचं त्याला सुचलंच नाही. कोरी सीडी आत सरकवली.

या वेळी चुटकीसरशी वगैरे काही झालं नाही. पडद्यावरची हिरवी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मधेच लॅपटॉप टकटक करायचा. रेघ थबकायची. अभिरामचा श्वासही थबकायचा.

बुवा उठून जवळ आले. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी लॅपटॉपच्या कडेवर तळवा ठेवला.

“चांगलंच तापलंय.”

“हो. म्हातारं झालंय ते.”

“वारा घालू?”

अभिराम नको म्हणणार होता. वाऱ्याचा काही उपयोग नाही, हे कारणांसकट सांगता येण्यासारखं होतं.

“घाला,” तो म्हणाला.

बुवा मांडी घालून बसले आणि उपरण्यानं लॅपटॉपला वारा घालू लागले. अभिरामला नुसतं बसवेना. त्यानं परात आपल्याकडे ओढली आणि गवार मोडायला घेतली. रेघ सरकत होती. उपरणं हलत होतं. नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

“शीर नीट काढ,” बुवा म्हणाले. “दातात अडकती.”

“काढतो.”

बऱ्याच वेळानं लॅपटॉपनं सीडी बाहेर दिली. कोमट होती. तिच्यावर ना चित्र होतं, ना नाव.

ती पुन्हा लॅपटॉपमध्येच घालून ऐकायला अभिरामचा हात गेला, आणि अर्ध्यावर थांबला. त्यानं खोलीभर नजर फिरवली. देवघराच्या कोपऱ्यात मठाचा जुना सीडी प्लेअर होता. कुणाला तरी लग्नात दोन आले म्हणून त्यानं एक मठाला देऊन टाकलेला. रोज सकाळी त्याच्यावर भूपाळ्या लागायच्या. लॅपटॉपची आणि त्याची कधी ओळखदेख नव्हती. अभिराम उठला, प्लेअरची पिन लावली, सीडी आत ठेवली आणि झाकण मिटलं.

बुवांचा उपरण्याचा हात थांबला.

आत काहीतरी घरघरलं. मग शांत झालं. ती शांतता इतकी लांबली की अभिरामनं डोळे मिटून घेतले. आता मनात दुसरं काही नव्हतं, दोन्हीतलं कुठलं चांगलं हेही नव्हतं. एवढंच होतं की बाई, तू ये.

खोकल्याचा आवाज आला. पाठोपाठ बांगड्यांचा.

“सुरू झालं का रं ते?” आक्कानं विचारलं. आणि तिनं स्वर लावला.

“दारी आला गं पाहुणा
नाव सांगेना आपुले,
पाट मांडिला तयाला
घर त्याचेच निघाले…”

तोच जाडसर आवाज. ओळीच्या शेवटी किंचित हसल्यासारखा होणारा. देवघर भरून गेलं. नदीवरचं आपटणं थांबलं. अंगणातून कुणीतरी बाई दारापर्यंत आली, चौकटीला टेकून उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला.

अभिरामला इतका आनंद झाला की तो कुठं ठेवावा हे त्याला समजेना. आक्कानं टाकलेला शब्द आपल्या हातून मोडला नाही. आता गुरूचाही मोडायचा नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. तो बुवांच्या जवळ सरकला. लॅपटॉप पुढं ओढला. पुसायच्या बटणावर बोट ठेवलं.

“बुवा,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “आता मशीनमधलं पुसतो. अगदी खरं पुसतो, डबासुद्धा रिकामा करतो. पुसू ना?”

केरूबुवांनी मिटलेले डोळे उघडले नाहीत.

“गप,” ते म्हणाले. “आक्का गातीया.”